काळ्या सायकलीची बाजू

जुन्या वळणाची काळी सायकल घेऊन रोज कामावर जायचं ठरवलं, की डिलाईल रोडवर प्रत्येकाकडे तिच्याविरुद्ध सांगायला काहीतरी असतं. शोरूममधला विक्रेता सांगतो, ती आता दूधवाले-पाववाले घेतात, तुम्ही एकवीस गिअरवाली बघा. ऑफिसातले म्हणतात, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये सायकल म्हणजे जिवाशी खेळ. घरचे म्हणतात, थोडे पैसे घाल आणि हप्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर घे. आणि ज्यांना सायकलीतलं कळतं असं समजलं जातं, ते म्हणतात, घ्यायचीच तर विलायती रॅले शोध, बाकी सगळा लुधियानाचा पत्रा. या चौघांचं आपसात पटत नाही. पण ही सायकल हौसेपुरती असते, रोजच्या धबडग्यात ती टिकत नाही, यावर त्यांचं एकमत आहे.

हे मत मला साफ अमान्य आहे. लोअर परळ, करी रोड, चिंचपोकळी, लालबाग, वरळी, दादर या पट्ट्यात राहून याच पट्ट्यात नोकरी करणाऱ्या माणसासाठी आज बाजारात जी जी वाहनं आहेत, त्यांत सर्वांत शहाणी खरेदी ही काळी सायकल आहे. ती मिस्त्रीसमोर उभं राहून, एकेक सामान निवडून जोडून घेतली तर आणखीच. हे मी जुन्या दिवसांच्या ओढीने म्हणत नाही. ओढ असती तर सायकल भिंतीला टांगून भागलं असतं. मला ती पावसात, खड्ड्यांत, पुलावर, सकाळी नऊच्या गर्दीत चालवायची आहे, आणि आक्षेप तपासायचे तर ते याच कसोटीवर.

आधी नकाशा बघू, कारण विरोध करणारे बहुतेक जण तो बघतच नाहीत. आपल्या लोकल मुंबईला लांबीने कापतात. चर्चगेटहून वर, सीएसएमटीहून वर. डिलाईल रोड, म्हणजे कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग, या दोन रेल्वेमार्गांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे. एका अंगाला पश्चिम रेल्वेचं लोअर परळ, दुसऱ्या अंगाला मध्य रेल्वेचं करी रोड. इथून बोरिवलीला किंवा ठाण्याला जाणं सोपं आहे. अडचण येते ती वरळी नाक्याला जायचं असतं तेव्हा, लालबागला जायचं असतं तेव्हा. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास, आणि लोकल त्यात काहीच मदत करत नाही. मुंबईच्या लांबीचा प्रवास रेल्वेने सोडवला. रुंदीचा प्रवास आपण बस, शेअर टॅक्सी आणि दोन पायांवर सोपवून मोकळे झालो. या रुंदीच्या प्रवासात मधे रूळ येतात, म्हणून पूल येतात, आणि पूल बंद झाले की काय होतं ते या भागाने भोगलं आहे. डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक ठरवून बंद केला गेला. तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. सव्वापाच वर्षं. तो सुरू झाला म्हणून सुस्कारा टाकतो न टाकतो तोच सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला आणि त्याच्यावरची वाहनं आसपासच्या पुलांवर आली. अशा कोंडीत मोटार अडकते, टॅक्सी अडकते, स्कूटरही अडकते. सायकलवाला मात्र खाली उतरतो, सायकल हाताने ढकलत कडेने चार पावलं टाकतो आणि पुढे जाऊन पुन्हा बसतो. वाहनावरून उतरून पादचारी व्हायची ही सोय दुसऱ्या कुठल्याच वाहनात नाही.

‘मुंबईत सायकल कधी चालतच नव्हती’ हे वाक्य फार आत्मविश्वासाने फेकलं जातं. डिलाईल रोडपासून हाकेच्या अंतरावर, वरळीत, सायकलींचा कारखाना होता. हिंद सायकल्स लिमिटेड. तो आजारी पडला, सरकारने हाती घेतला, आणि १९८० साली हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणासाठी संसदेने खास कायदा केला. वरळीचा कारखाना पुढे नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या नावाने चालला आणि अखेर बंद पडला. डबेवाल्यांचं तर काय सांगावं. लोअर परळच्या काचेच्या इमारतींसमोर दुपारी उभ्या असलेल्या त्यांच्या सायकली पाहा. हँडलला दोन्ही बाजूंनी डबे, कॅरिअरवर डबे, आणि या सगळ्या सायकली जुन्याच वळणाच्या, लोखंडी, काळ्या. ज्यांना वेळेवर पोचण्याचेच पैसे मिळतात, त्यांनी निवडलेलं हे वाहन आहे. त्याला निरुपयोगी म्हणणाऱ्याने आधी त्यांच्याशी वाद घालावा.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर आपणही खोटा इतिहास रचू. गिरणगावातला कामगार सायकलवर कामावर जायचा असं चित्र आता काही जण रंगवतात. ते खरं नाही. तो बहुतांशी चालत जायचा. चाळ आणि गिरणी इतक्या जवळ होत्या की भोंगा वाजल्यावर निघालेला माणूस वेळेत खात्यात पोचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर त्या गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते सर्वांना ठाऊक आहे. कामगाराच्या नातवाची नोकरी आता समोरच्या गिरणीत नसते. ती वरळीला असते, प्रभादेवीला असते, दादरला किंवा भायखळ्याला असते. म्हणजे चालायला लांब आणि लोकलसाठी जवळ. आजोबांना सायकलची गरज नव्हती. नातवाला ती आहे. माझा मुद्दा आठवणींवर नाही, या दोन ते सहा किलोमीटरच्या अंतरावर उभा आहे.

आता वजन. काळी सायकल सगळं सामान धरून वीस किलोच्या घरात जाते, आणि गिअरवाली अॅल्युमिनियमची सायकल तिच्यापेक्षा पाच-सहा किलोंनी हलकी असते, हे खरं आहे. पण वजन कुठे जाणवतं? चढावर आणि जिन्यात. जिन्याकडे मी शेवटी येणार आहे. चढाचं म्हणाल तर हा सगळा भाग सपाट आहे. इथला चढ म्हणजे फक्त रेल्वेवरचे पूल. त्यासाठी एकवीस गिअर लागत नाहीत, एकच दातेरी चकती बदलावी लागते. साधारण काळ्या सायकलीला पुढे ४४ दातांचं चेनव्हील आणि मागे १८ दातांचं फ्रीव्हील येतं. २८ इंची चाकावर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे छान, पुलावर गुडघ्याला जड. तेच फ्रीव्हील २२ दातांचं बसवा. आता एका फेऱ्यात साडेचार मीटर. मिनिटाला साठ फेरे, म्हणजे अगदी निवांत पाय, तरी ताशी सोळा किलोमीटर होतात, आणि एवढ्या वेगापेक्षा जास्त वेग गर्दीच्या वेळी इथे मोटारीलाही मिळत नाही. साखळीत एखाद-दुसरी कडी वाढवावी लागते आणि चेन कव्हर घासत नाही ना ते पाहावं लागतं. खर्च काहीशे रुपये. विक्रेता हे सांगत नाही, कारण त्यात त्याला एकवीस गिअरची सायकल विकता येत नाही. आणि त्या एकवीस गिअरचं पावसाळ्यात काय होतं, तेही तो सांगत नाही. गिअर बदलणारा डिरेलर चिखलाने भरतो, केबल गंजते, आणि जुलैच्या अखेरीस बहुतेक जण मधल्या एकाच गिअरवर सायकल दामटत असतात. मग तो एक गिअर मुळातच मजबूत, कव्हरखाली झाकलेला का नसावा?

जुन्या वळणाच्या सायकलीची प्रत्येक गोष्ट कामावर जाणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून बनली आहे. पूर्ण चेन कव्हर असल्यामुळे पॅंटला, सलवारीला ग्रीस लागत नाही आणि साखळीवर पावसाचं पाणी येत नाही. लांब मडगार्डमुळे पाठीवर चिखलाची रेघ उठत नाही. कॅरिअरवर डबा आणि बॅग, म्हणजे पाठीला घाम नाही. हँडल उंच आणि मागे वळलेलं, त्यामुळे माणूस ताठ बसतो आणि पुढच्या टॅक्सीच्या टपावरून रस्ता बघू शकतो. वाकून बसणाऱ्याला समोरचं डांबर दिसतं. ताठ बसणाऱ्याला दार उघडणारा हात दिसतो. बायकांसाठी खाली वळलेली फ्रेम मिळते, तिच्यावर पाय मागून न टाकता बसता येतं. आमच्या भागात सकाळी कामावर जाणाऱ्या बायका पाहिल्या तर पुरुषांपेक्षा त्यांनाच ही सायकल जास्त उपयोगाची आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, दुकानात जाणाऱ्या या बायका शेअर टॅक्सीच्या रांगेत जेवढा वेळ उभ्या असतात, तेवढ्यात त्या पोचल्या असत्या.

ब्रेकबद्दलचा आक्षेप मात्र खरा आहे. तो झटकून टाकणारे सायकलप्रेमी लोकांची फसवणूक करतात. दांडीचे ब्रेक दिसायला देखणे, टिकायला भक्कम, पण क्रोम केलेली लोखंडी रिम ओली झाली की त्यांची पकड जाते आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते. जिथे चार महिने पाऊस असतो त्या शहरात हा दोष लहान नाही. कोणी सांगेल, मग त्याच सायकलला केबलचे ब्रेक बसवा. बसत नाहीत. दांडीच्या ब्रेकची रिम वेगळ्या घडणीची असते. तिचे रबर आतल्या बाजूने, खालून वर दाबले जातात आणि बाजूच्या भिंती गोलाकार असतात. केबलच्या ब्रेकला सपाट भिंतीची रिम लागते. म्हणून हा निर्णय फ्रेम घेतानाच करायचा. बारा महिने चालवायची असेल तर २६ बाय १ ३/८ मापाच्या चाकांची, केबल ब्रेकवाली फ्रेम घ्या. जुन्या बीएसए एसएलआरच्या घडणीची. तिला अॅल्युमिनियमच्या रिमा घाला. रूप तेच राहतं, ओल्यात थांबणं सुधारतं. २८ इंची मोठं चाक खड्ड्यावरून जास्त अलगद जातं, हा तोटा सोसावा लागतो. मी तरी खड्ड्याच्या सुखापेक्षा पावसातला ब्रेक निवडेन आणि दुसऱ्यालाही तेच सांगेन.

आता जोडणी. ‘जोडलेली सायकल म्हणजे डुप्लिकेट, कंपनीची घ्या’ हा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी कंपनीची काळी सायकल दुकानात कशी येते ते कधी पाहिलेलं नाही. ती सुटी येते. कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेली फ्रेम आणि चिमटा (पुढच्या चाकाचा फोर्क), रिमा वेगळ्या, हब वेगळे, पेट्यांत तारा, छर्रे, कोन, पॅडल. दुकानातला फिटर ती उभी करतो. म्हणजे आपल्या आजोबांपासून आजपर्यंत प्रत्येक काळी सायकल कुणीतरी जोडलेलीच होती. फरक एवढाच की ती आपल्या पाठीमागे जोडली गेली की आपल्यासमोर. दुकानात हंगामाच्या घाईत फिटरला एकामागून एक सायकली उभ्या करायच्या असतात. तारा कशातरी आवळल्या जातात, कोन जास्त घट्ट राहतात, ग्रीस नावापुरतं लागतं. मग सहा महिन्यांत चाक डुगडुगतं आणि आपण लुधियानाला दोष देतो. दोष सामानाचा फार थोडा असतो, बसवण्याचा जास्त.

चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली एकदा ही जोडणी पाहावी. मागच्या चाकाला ४० तारा, पुढच्याला ३२, कारण भार मागे येतो. चाक चिमट्यात बसवून तो फिरवतो आणि अंगठ्याचं नख रिमपासून केसभर अंतरावर धरतो. जिथे नखाला रिम टेकते तिथे थांबतो, एका बाजूची तार पाव फेरा सैल, समोरच्या बाजूची पाव फेरा घट्ट. पुन्हा फिरवतो. आउट काढणं म्हणतात ते हे. घाई करणारा एकाच तारेवर सगळा जोर काढतो आणि ती तार पुढच्या खड्ड्यात तुटते. आमच्या भागातल्या ज्या मिस्त्रीकाकांकडे मी उभा राहून शिकलो, ते चाक पूर्ण झालं की तारा बोटाने छेडत एक फेरी मारतात. ज्या तारेचा आवाज बोदा येतो ती पुन्हा घट्ट करतात. “आठवडाभर चालव आणि परत आण,” ते सांगतात, “नव्या तारा बसतात, मग खरं चाक कळतं.” दुकानातून घेतलेल्या सायकलचं चाक परत कोण नेतं?

कॉटर पिनचंही तसंच. क्रँक आणि धुरा यांना धरून ठेवणारी ही बोटाएवढी पाचर काळ्या सायकलची सर्वांत बदनाम वस्तू आहे. पॅडल मारताना प्रत्येक फेऱ्याला खुट् आवाज येतो, तो तिच्यामुळे. लोक म्हणतात, जुनी रीतच वाईट. मिस्त्रीकाकांचं म्हणणं वेगळं. “पिन हातोडीने बसवायची, मग नट आवळायचा. नट आवळून पिन ओढली की आटे जातात आणि पिन सैलच राहते.” दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन पॅडल एका रेषेत येत नाहीत. एवढं पाळलं की आवाज येत नाही आणि पिन वर्षानुवर्षं टिकते. ज्या वस्तूला वाईट म्हटलं जातं तिच्या बाबतीत आधी विचारावं, ती नीट बसवली होती का?

फ्रेम निवडताना तीन-चार गोष्टी बघितल्या तर निम्मं काम झालं. माप आधी. बाजारात २२ आणि २४ इंची फ्रेम येते, आणि दुकानदार जी पडून आहे ती गळ्यात मारतो. मध्यम उंचीच्या माणसाने २२ च घ्यावी. उभं राहिल्यावर दांडा आणि आपण यांत बोटभर तरी जागा हवी. जुनी फ्रेम असेल तर चिमटा बाजूने पाहावा, कुठे आपटून मागे वाकला आहे का. सीटचा दांडा वर-खाली हलतो का ते पाहावं, कारण आत गंजून बसलेला दांडा काढताना फ्रेमच जाते. बी.बी.चे, म्हणजे क्रँकचा धुरा बसतो त्या भागाचे, आटे शाबूत आहेत का ते कप फिरवून पाहावं. आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर घासलेला असेल तर ती फ्रेम कितीही स्वस्त असो, घेऊ नये. चोर बाजारातून असो की ओळखीच्या भंगारवाल्याकडून, नंबर लिहिलेली पावती घ्यावी. दुसऱ्याची सायकल चोरीला गेल्याशिवाय कुठलीही सायकल फार स्वस्त होत नाही.

इथेच विलायती रॅलेच्या भक्तांना उत्तर देतो. इंग्लंडात बनलेली जुनी रॅले सुंदर असते यात वाद नाही. पण तिच्या बी.बी.चे आटे इंचाला २६ असतात आणि बाकी बहुतेकांचे २४. कप झिजला की इथे दुसरा बसत नाही. मग तो परदेशातून मागवायचा किंवा सायकल कोपऱ्यात उभी करायची. रोज सकाळी कामावर जायचं असेल तर ज्या सायकलचा कोणताही भाग काळबादेवीत किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच संध्याकाळी मिळतो, तीच सायकल चांगली. हिरो, अॅटलस, एव्हन, हर्क्युलिस यांच्या काळ्या सायकलींचे कोन, छर्रे, फ्रीव्हील, साखळी, तारा एकमेकांत बऱ्याच अंशी चालतात. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी रस्त्यावरच्या अॅटलस सायकली थांबल्या नाहीत, त्याचं कारण हेच. कंपनी गेली तरी जिचं सामान मिळत राहतं अशी दुसरी वस्तू आज आपल्या घरात कोणती आहे? त्याच कसोटीवर ‘व्हिंटेज’ म्हणून वीस-तीस हजारांना विकल्या जाणाऱ्या, तपकिरी सीट आणि वेताची टोपली लावलेल्या सायकलीही मी नाकारतो. त्यांत अनेकदा चेन कव्हर अर्धं असतं, मडगार्ड आखूड असतं, आणि रिमचं माप असं की टायर फक्त त्याच दुकानात मिळतो. कामावर नेणारे गुण काढून टाकायचे आणि रूप ठेवायचं, यासाठी चौपट पैसे का मोजावेत?

पैशांचा हिशेब सरळ आहे. साधी नवी काळी सायकल सहा-सात हजारांच्या आसपास मिळते. जुनी चांगली फ्रेम घेऊन नव्या रिमा, टायर, ट्यूब, फ्रीव्हील, साखळी, सीट घालून मजुरीसह जोडली तरी तेवढ्यातच किंवा थोडं कमी पडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. उलट मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं साध्या बसला ५ वरून १० आणि वातानुकूलित बसला ६ वरून १२ रुपये झालं. वातानुकूलित बसने जाऊन-येऊन २४ रुपये, महिन्याचे २५ दिवस धरले तर ६०० रुपये, वर्षाचे ७,२०० रुपये. म्हणजे वर्षभरात सायकल सुटते आणि नंतर खर्च उरतो तो तेल, पंक्चर आणि वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंगचा. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे. ती एकट्याने रोज कुणाला परवडते? बेस्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. बेस्ट टिकलीच पाहिजे. पण दोन किलोमीटरसाठी वीस मिनिटं थांब्यावर उभं राहायचं बंधन माणसावर का असावं? आणि इलेक्ट्रिक स्कूटर घ्या म्हणणाऱ्यांनी चाळीत राहणाऱ्याला आधी एवढं सांगावं, की खाली रस्त्यावर उभी केलेली स्कूटर तिसऱ्या मजल्यावरच्या प्लगने चार्ज कशी करायची, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली की तिचे पैसे कुठून आणायचे.

जिवाच्या भीतीला मी हलकं लेखत नाही. सायकलवाल्याला या शहरात बस घासून जाते, रिकामी टॅक्सी अचानक कडेला येते, गटाराच्या जाळ्यांच्या फटीत चाक अडकतं. पण या धोक्याचं कारण सायकल नाही, रस्त्याची आखणी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलला बंदी, सागरी किनारा मार्गावर बंदी. कररूपाने पैसा सर्वांचा, रस्ता मोटारवाल्यांचा. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलसाठी मार्गिका बांधली, ती कुठेच जोडली नाही, तिच्यावर गाड्या उभ्या राहू दिल्या, आणि २०२५ मध्ये ती कोणी वापरत नाही असं म्हणत तिथे मोटारींसाठी जागा करायचं ठरलं. जिथे सायकलला जागा नाही तिथे सायकल दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून जागा द्यायची नाही, असं हे चक्र आहे. ते तोडायचं तर आधी रस्त्यावर सायकली दिसाव्या लागतील. तोवर आपण काय करायचं ते साधं आहे. मुख्य रस्ता टाळता येईल तिथे आतली गल्ली घ्यायची, उभ्या टॅक्सीपासून दाराएवढं अंतर ठेवायचं, पुलाच्या उतारावर वेग धरायचा नाही, आणि अंधार पडला की पुढे-मागे दिवा. डायनॅमो असेल तर उत्तमच. बॅटरी संपायची भीती नाही.

सर्वांत कठीण आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही. सायकल म्हणजे गरिबी, असं मनात असतं. गिरणीच्या जागेवर उभ्या असलेल्या अनेक ऑफिस संकुलांच्या फाटकावर सायकलवाल्याला हटकतात. पार्किंग तळघरात आहे, पण ते मोटारी आणि स्कूटरसाठी. एका फाटकावर मला सांगितलं गेलं, डिलिव्हरीवाल्यांनी मागच्या दाराने जावं. मी तिथे कामाला येतो हे सांगूनही सायकल बाहेर कठड्याला बांधावी लागली. त्यात मला अपमान वाटला तो माझा नव्हे, मागच्या दाराने जाणाऱ्यांचा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या जवळपास पंचेचाळीस घरांत सायकल होती. जे वाहन एवढ्या लोकांचं आहे त्याची लाज वाटायला लावणारी व्यवस्था चुकीची आहे, आणि ती बदलायची जबाबदारी डिलिव्हरीच्या पोरावर टाकता येत नाही. ओळखपत्र गळ्यात घालून सायकलवर येणाऱ्या माणसाने फाटकावर थांबून लेखी विचारलं पाहिजे, की या इमारतीत सायकल कुठे लावायची.

आणि आता जिना. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तळमजला अधिक तीन, १६० चौरस फुटांच्या खोल्या, लिफ्ट नाही. वीस किलोची सायकल रोज तिसऱ्या मजल्यावर नेणं तरण्या माणसालाही जमणार नाही, आणि खाली उघड्यावर ठेवली तर पावसाने गंजते किंवा चोरीला जाते. सायकलविरुद्धचा हा एकच आक्षेप असा आहे, ज्याला माझ्याकडे मिस्त्रीच्या दुकानातलं उत्तर नाही. त्याचं उत्तर इमारतीत आहे. या चाळींचा पुनर्विकास म्हाडा करत आहे. रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळणार आहेत, आणि पार्किंगची सगळी चर्चा मोटारींभोवती फिरते आहे. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली राहतात. तळमजल्यावर, पायऱ्या न चढता पोचता येईल अशी, छपराखालची, फ्रेम बांधायला लोखंडी कमानी रोवलेली जागा प्रत्येक इमारतीला हवी, आणि तशीच जागा लोअर परळ आणि करी रोड स्टेशनांच्या तोंडाशी हवी. ताबा मिळाल्यावर मागितलेली जागा मिळत नाही. तेव्हा तिथे आधीच कुणाच्या तरी गाडीचा नंबर रंगवलेला असतो. म्हणून रहिवाशांच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय चढवायला हवा, म्हाडाच्या अधिकाऱ्यांकडे मजल्याचा नकाशा मागायला हवा, आणि त्यात सायकलची जागा कुठे दाखवली आहे ते बोट ठेवून विचारायला हवं.